'क्लार्क' शब्दाची कुळकथा

मराठी ग्रंथपरीक्षणांत एक विशेषण वरचेवर भेटते. एखाद्या चरित्रकाराने सनावळ्या, पत्रे आणि दाखले नुसते एकापुढे एक मांडून ठेवले, की परीक्षक त्याचे काम 'कारकुनी' ठरवून मोकळा होतो. कवितेचा विचार करताना कोणी वृत्तांची आणि प्रतिमांची मोजदाद केली, तर ती टीकाही 'कारकुनी'. कोशकार, सूचिकार, पाठभेद नोंदणारा संपादक हे तर जन्मतःच कारकून समजले जातात. या विशेषणाचा गुण असा, की ते उच्चारताच निकाल लागतो. पुरावा कोणी मागत नाही.

या मासिकाच्या पुष्कळ वाचकांचा दिवस ज्या कामात जातो त्याच कामाचे नाव येथे दूषण म्हणून वापरले जाते, हे उघड आहे. त्याबद्दल रुसून बसण्याचे कारण नाही. पण जो शब्द टीकेचे हत्यार म्हणून वापरला जातो, तो स्वतः टीकेच्या कसोटीस लावून पाहण्याचा अधिकार वाचकास आहेच. 'कारकून' शब्दास आज आलेला हिणकस अर्थ बव्हंशी इंग्रजी 'क्लार्क'च्या छायेत वाढलेला आहे, असे आमचे मत आहे. तेव्हा प्रथम त्या इंग्रजी शब्दाचीच कुळकथा पाहणे इष्ट होय.

या शब्दाचे मूळ ग्रीक 'क्लेरोस'मध्ये आहे. क्लेरोस म्हणजे चिठ्ठी टाकण्यासाठी वापरावयाचा लाकडाचा किंवा खापराचा तुकडा. पुढे चिठ्ठीने जो हिस्सा वाट्याला येई, विशेषतः जमिनीचा, त्यासही क्लेरोस म्हणू लागले. मराठीत त्याच्या अगदी जवळचा शब्द शोधावयाचा तर तो 'वतन' हा होय. ज्यूंच्या धर्मग्रंथात अशी व्यवस्था सांगितली आहे, की बाकीच्या वंशांना भूमीची वाटणी मिळावी, परंतु पौरोहित्य करणाऱ्या लेवी वंशास ती मिळू नये. परमेश्वर हाच त्यांचा वाटा. त्या ग्रंथाचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा या वाट्यास 'क्लेरोस' हाच शब्द योजला गेला. ख्रिस्ती धर्मसेवकांस 'क्लेरिकोस' आणि लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' म्हणतात ते का, याचा उलगडा सेंट जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस याच आधारावर केला: ते देवाच्या वाट्याचे असतात, अथवा देव त्यांच्या वाट्याचा असतो. शब्दाचा जन्म असा मोठ्या घरातला आहे. ज्याला वतन नाही, ज्याने वतनाऐवजी एक व्रत पत्करले आहे, तो क्लेरिकुस.

लॅटिनमधून हा शब्द इंग्रजीत आला आणि नॉर्मन विजयानंतर फ्रेंच 'क्लेर' शब्दाने त्यास बळकटी दिली. त्या काळी पश्चिम युरोपात अक्षर ओळखणारा मनुष्य बहुधा धर्मपीठाच्याच आश्रयाने वाढलेला असे. राजाची फर्माने, जमीनमहसुलाची खाती, सरदारांचे करारमदार हे सारे लिहावयाचे तर धर्मसेवकासच बोलवावे लागे. त्यामुळे 'धर्मसेवक' आणि 'लिहिता-वाचता येणारा' हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले, आणि मिसळता मिसळता 'विद्वान' हा तिसरा अर्थ उभा राहिला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये जे यात्रेकरू रंगविले त्यांत ऑक्सफर्डचा एक क्लार्क आहे. त्याचे घोडे हडकुळे, तो स्वतः हडकुळा, अंगरखा झिजलेला. पण उशाशी तत्त्वज्ञानाचे वीस ग्रंथ असावेत ही त्याची हौस. चॉसर त्याच्या दारिद्र्याकडे पाहून हसतो, परंतु त्या हसण्यात आदर आहे. क्लार्क म्हणजे पोटासाठी कागद खरडणारा, ही कल्पनाच त्या चित्रात नाही.

येथे उच्चाराबद्दल दोन शब्द. या शब्दाच्या लेखनात 'ए' हे अक्षर असताना इंग्रज 'क्लार्क' म्हणतो, याचे कारण मध्ययुगाच्या उत्तरार्धात इंग्रजीतील पुष्कळ 'अर्'चे 'आर्' झाले. त्या बदलाच्या खुणा 'डार्बी' या गावाच्या नावात आणि 'सार्जंट'मध्ये आहेत. 'पर्सन' आणि 'पार्सन' हे तर मुळात एकच. उच्चार दुभंगला आणि एकाचा मनुष्य झाला, दुसऱ्याचा पाद्री. अमेरिकेने लेखनास अनुसरून 'क्लर्क' केले. आपण मराठी माणसे इंग्रजांच्या तोंडचा 'क्लार्क' घेऊन आलो आणि दिल्लीस आल्यावर हिंदी सहकाऱ्यांच्या तोंडी 'क्लर्क' ऐकू लागलो. इंग्लंडात हा शब्द आडनाव होऊनही बसला. आपल्याकडे चिटणीस, फडणीस, सबनीस, कुलकर्णी यांचे जे झाले तेच तेथे क्लार्क घराण्यांचे झाले: काम गेले, नाव राहिले.

अक्षरज्ञान आणि धर्मसेवा यांची ही गाठ इंग्लंडच्या कायद्यात एका विलक्षण रूपाने टिकून राहिली. बाराव्या शतकात दुसरा हेन्री राजा आणि आर्चबिशप बेकेट यांचा जो कलह झाला, त्याचा एक विषय असा होता, की गुन्हा करणाऱ्या धर्मसेवकाचा न्याय कोणी करावयाचा. ११७० साली बेकेटचा वध झाला, आणि त्यानंतर राजास या बाबतीत बरीच माघार घ्यावी लागली. त्यातून 'बेनिफिट ऑफ क्लर्जी' नावाची सवलत रूढ झाली. धर्मसेवकास राजाच्या न्यायालयाने फाशी देऊ नये, धर्मपीठाच्या स्वाधीन करावे, असा तिचा मूळ आशय. परंतु समोर उभा असलेला आरोपी धर्मसेवक आहे हे ओळखावे कसे? त्यास वाचता येते का ते पाहावे! चौदाव्या शतकाच्या मध्यापासून ज्यास वाचता येई त्या कोणासही ही सवलत मिळू लागली. परीक्षेसाठी बहुधा स्तोत्रसंहितेतील एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ पुढे ठेवीत, आणि त्या ओळींस लोकांनी 'मानेची ओळ' असे नाव दिले, कारण ती वाचणाऱ्याची मान वाचे. १४८९ साली कायदा झाला, की सामान्य माणसास ही सवलत आयुष्यात एकदाच मिळावी आणि ती घेतल्याची खूण म्हणून अंगठ्यावर डाग द्यावा. १५९८ साली नाटककार बेन जॉन्सन याने द्वंद्वात एका नटास ठार केले. तो लॅटिन जाणत होता. ओळ वाचून सुटला आणि अंगठ्यावरचा डाग घेऊन पुन्हा नाटके लिहू लागला. इंग्रजी रंगभूमीवरील काही श्रेष्ठ नाटके केवळ वाचता येत असल्यामुळे जगास मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१७०६ साली वाचनाची परीक्षा रद्द झाली आणि १८२७ साली ती सवलतच संपली. मधल्या काळात पार्लमेंट एकेक गुन्हा सवलतीतून वगळीत गेले. १७२९ च्या सुमारास खोटा दस्तऐवज करणे हा गुन्हा 'सवलतीविना' देहान्त शिक्षेस पात्र ठरला. हिंदुस्थानशी त्याचा काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा, की १७७५ साली कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाने महाराजा नंदकुमार यांना ज्या कायद्याखाली फाशी दिले, तो हाच. लंडनच्या व्यापारपेठेसाठी केलेला तो कायदा बंगालमध्ये लागू होतो की नाही, हा वाद पुढे ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. ज्या शब्दाने बेन जॉन्सनला तारले, त्याच शब्दाचा अभाव नंदकुमारांच्या कायद्यात अक्षरशः लिहिलेला होता.

मग या शब्दाची पत उतरली कशी? छापखाना आला, शाळा वाढल्या, धर्मसुधारणा झाली आणि अक्षर ही काही थोड्यांची मिरास उरली नाही. दुर्मिळ होती तोवर वाचता-लिहिता येणे ही विद्या होती. सर्वत्र झाली तेव्हा ती मजुरी ठरू लागली. शब्दाचे तुकडे झाले. धर्माचा अर्थ 'क्लर्जी'ने आणि सतराव्या शतकात लॅटिनमधून नव्याने उचललेल्या 'क्लेरिक'ने नेला. 'क्लार्क'च्या वाट्यास टेबल आणि खतावणी राहिली. 'क्लेरिकल' या विशेषणात मात्र दोन्ही अर्थ अजून शेजारी नांदतात: 'क्लेरिकल' गळपट्टी पाद्र्याची आणि 'क्लेरिकल' चूक आमची! विद्वत्तेचा अर्थ निराधार झाला, तेव्हा कोलरिजने राष्ट्रातील विद्वद्वर्गासाठी 'क्लेरिसी' असा वेगळा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालविला. त्यावरून जुन्या घरातून काय हरवले होते ते कळते.

तथापि सगळीकडे पडझड झाली नाही. ब्रिटिश लोकसभेचा प्रमुख सनदी अधिकारी आजही 'क्लार्क' म्हणवितो आणि मोठमोठे मुत्सद्दी त्याचा सल्ला घेतात. इंग्लंडच्या धर्मसंस्थेतील पाद्री औपचारिक दस्तऐवजांत स्वतःस 'क्लार्क'च लिहितात. अमेरिकेत दुकानातला विक्रेता क्लार्क, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास कायद्याचे संशोधन करून देणारा बुद्धिमान पदवीधरही क्लार्क. फ्रेंचांनी तर जुना अर्थ इतका जपला, की जूल्यँ बांदा याने १९२७ साली विचारवंतांनी सत्याशी द्रोह करून राष्ट्राच्या व वर्गाच्या अभिनिवेशाची चाकरी पत्करली असा आरोप करणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या नावात 'क्लेर' हाच शब्द घातला. पुढच्याच वर्षी रिचर्ड ऑल्डिंग्टनने त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि येथे पंचाईत आली. 'क्लार्कांचा द्रोह' म्हटले असते, तर इंग्रज वाचकास एखाद्या पेढीतील अफरातफर वाटली असती! अमेरिकेत 'विचारवंतांचा द्रोह' आणि इंग्लंडात 'महान विश्वासघात' अशी दोन नावे द्यावी लागली. एका भाषेत शब्दाची पत टिकते, दुसरीत उतरते, आणि त्या उतरणीची नोंद भाषांतरकारास करावी लागते.

ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्वांत कनिष्ठ नोकरास 'रायटर' हे नाव दिले होते. रायटर, फॅक्टर, कनिष्ठ व्यापारी, वरिष्ठ व्यापारी अशी ती शिडी. क्लाइव्ह १७४४ साली मद्रासला आणि वॉरन हेस्टिंग्ज १७५० साली कलकत्त्यास आले ते रायटर म्हणूनच. कलकत्त्याची 'रायटर्स बिल्डिंग' याच लेखनिकांची. २०१३ पर्यंत तिच्यातून पश्चिम बंगालचा कारभार चाले. लंडनमध्ये याच कंपनीच्या कचेरीत चार्ल्स लँबने १७९२ पासून १८२५ पर्यंत तेहतीस वर्षे खतावण्या लिहिल्या. आपले खरे ग्रंथ लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीतील फळ्यांवर आहेत, असे तो थट्टेने म्हणे. निवृत्तीनंतर त्याने लिहिलेला निबंध आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. कचेरी सुटली म्हणून हर्ष, आणि जुन्या सोबत्यांना भेटावयास गेल्यावर आपल्या टोपीच्या खुंटीवर दुसऱ्याची टोपी पाहून झालेली कासाविशी, असे दोन्ही भाव त्यात आहेत. डिकन्सच्या बॉब क्रॅचिटमध्ये करुणा आहे, युराया हीपमध्ये तिरस्कार आहे. १८५३ च्या मेलव्हिलच्या बार्टल्बीमध्ये नकल करण्याचे सौम्यपणे नाकारणारा एक गूढ पुरुष आहे. पण या तिघांस बाहेरून पाहिले आहे. लँब आतून बोलतो, म्हणून त्याच्या लेखनात कारकून हा नमुना न राहता मनुष्य होतो.

आता आपल्या घराकडे वळू. 'कारकून' फारसी आहे: 'कार' म्हणजे काम, 'कुन' म्हणजे करणारा. या शब्दात लेखणीचा उल्लेखच नाही. जो काम तडीस नेतो तो कारकून, असा त्याचा सरळ अर्थ. आणि मराठी राज्यात कमाविसदाराच्या हाताखाली वसुली पाहणाऱ्यास, हिशेब घेणाऱ्यास, कामगिरीवर परमुलखी जाणाऱ्यास तो लावीत. लेखनाची जी पदे होती त्यांची नावे वेगळी आणि प्रतिष्ठेची होती. किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांच्या हाती असे. त्यांतील सबनिसाकडे हजेरीपट व हिशेब असत. नाना फडणिसांनी राज्य चालविले, पण त्यांच्या पदाचा शब्दार्थ यादी लिहिणारा एवढाच. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी जो राज्यव्यवहारकोश रचला त्यात लेखनाचा स्वतंत्र वर्ग आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला आणि अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, कागद, शाई, बोरू या सर्वांचा विचार परमार्थाच्या ग्रंथात केला. त्यांना ते काम हलके वाटले नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या टीकाकारांनी ध्यानात घ्यावी. मराठी गद्य छापखान्यापूर्वी कोणी जोपासले? महानुभावांचे ग्रंथ वगळले, तर मुख्यतः दप्तराने. बखरी, कैफियती, करीने, वकिलांची बातमीपत्रे हे सारे कचेरीच्या लेखणीतून आले. शाहू छत्रपतींच्या घराण्याचा इतिहास लिहिणारे मल्हार रामराव आपल्या पदानेच चिटणीस होते. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत प्रसिद्ध केली आणि पुढे १९३० नंतर सरदेसायांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. त्या पत्रांतील आटोपशीर वाक्य, नेमका शब्द, 'बहुत काय लिहिणे' म्हणून आवरते घेण्याची रीत यांची वाखाणणी आम्ही करतो, आणि त्याच श्वासात 'कारकुनी' हा शब्द तुच्छतेने उच्चारतो. आजोबांच्या अक्षराचे कौतुक करावे आणि आजोबांच्या धंद्यास हसावे, तसला हा प्रकार आहे.

अव्वल इंग्रजीत हे उलटले. 'इंग्रजी शिक्षण कारकून निर्माण करण्यासाठी' हे वाक्य आपण मेकॉलेच्या नावे पाठ केले आहे. वस्तुतः त्याच्या १८३५ च्या टिपणात राज्यकर्ते आणि प्रजा यांमधील दुभाष्यांचा वर्ग घडविण्याची भाषा आहे. पण घडले ते असे, की नव्या कचेरीत निर्णय साहेबाचा आणि नक्कल आपली, अशी वाटणी झाली. 'काम करणारा' या अर्थाचा शब्द ज्याच्या हाती काम असून अधिकार नाही त्यास चिकटला. बंगालमध्ये 'बाबू' या आदरार्थी शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी हेच झाले. मग 'कारकुंडा' आणि 'खर्डेघाशी' हे शब्द आपण स्वतःच पुरविले. म्हणजे दूषण परक्याने दिले नाही इतके आपण ते आपखुशीने वाढविले.

'कारकून' नको म्हणून शासनव्यवहारात 'लिपिक' आला. हा शब्द कृत्रिम म्हणून त्याची थट्टा होते. पण त्याचे कूळ फार जुने आहे. अशोकाच्या शिलालेखांत 'लिपिकर' आहे. चौदाव्या शिलालेखात सम्राट सांगतो, की काही ठिकाणी मजकूर अपुरा राहिला असेल, आणि त्याच्या कारणांत तो लिपिकराचा प्रमादही गणतो. क्लेरिकल चुकीची याहून जुनी सरकारी नोंद आमच्या पाहण्यात नाही! परंतु आम्हांस अधिक हलविते ती कर्नाटकातील ब्रह्मगिरीची नोंद. १८९२ साली लुई राइस यांनी उजेडात आणलेल्या त्या लेखाच्या शेवटी चपड नावाच्या लिपिकराने आपले नाव घातले आहे. सारा लेख ब्राह्मी लिपीत; मात्र 'लिपिकराने' हा एक शब्द खरोष्ठीत. ती लिपी पार वायव्य सरहद्दीची. तेव्हा हा चपड त्या बाजूचा असावा, किंवा तेथे नोकरी करून आलेला असावा, असे विद्वान अनुमान करतात. बावीसशे वर्षांपूर्वी घरापासून शेकडो कोसांवर बदली होऊन आलेला एक लेखनिक राजाज्ञेची नक्कल पुरी करतो आणि आपल्या पदाचे नाव तेवढे आपल्या अक्षरांत लिहून ठेवतो. परप्रांती राहून मराठी मासिक चालविणाऱ्यांस त्याचे मन उलगडून सांगण्याची गरज नाही.

'कारकुनी' या दूषणात तथ्य मुळीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. समोर आले ते न समजता उतरून काढणे, नियमाआड लपणे, प्रकरण एका टेबलावरून दुसऱ्यावर ढकलणे हे दोष आहेत, आणि साहित्यातही ते आढळतात. पण त्यांस बेफिकिरी, आळस, भित्रेपणा अशी स्वतंत्र नावे आहेत; ती वापरावीत. कोशकाराची मोजदाद, संपादकाचे पाठभेद, चरित्रकाराच्या सनावळ्या हे याच्या अगदी उलट गुण आहेत. ज्याने प्रत्येक कागद पाहिला आहे तोच कारकून, आणि त्याच्या खांद्यावर उभा राहूनच 'प्रतिभावान' टीकाकार दूरचे पाहतो. परीक्षकाने यापुढे 'कारकुनी' लिहिण्यापूर्वी, लेखकाने कोणता कागद न समजता उतरला ते दाखवावे. ते दाखविता येत नसेल तर विशेषण मागे घ्यावे.

केंद्रीय सचिवालयात आता 'अवर श्रेणी लिपिक' जाऊन 'कनिष्ठ सचिवालय सहायक' आला आहे. पाटी बदलल्याने मान वाढतो असे ज्यांना वाटते, त्यांच्या समाधानात आम्ही बिब्बा घालीत नाही. मात्र 'सहायक' या शब्दात चिठ्ठीने वाट्यास आलेले व्रत नाही, मान वाचविणारी ओळ नाही, काम तडीस नेण्याची प्रतिज्ञा नाही आणि चपडची खरोष्ठीही नाही. शब्द कमीपणाचा झाला म्हणून टाकून दिला, तर त्याच्या पोटातला इतिहासही फायलीबरोबर अभिलेखागारात जातो. नव्या पदनामाखाली सही अवश्य करावी; पण कोणी विचारलेच, तर आपण कारकून आहोत हे मान वर करून सांगावे.